नाण्याचा शब्द

माणसांप्रमाणें नाण्यांनाहि मरण आहे. कर्ता पुरुष गेल्यावर त्यानें दिलेला शब्द वारस पाळतात कीं नाहीं, यावरून आपण घराण्याची परीक्षा करतों. राष्ट्रांचीहि परीक्षा अशीच करावी, असें आम्हांस वाटतें.

या दृष्टीनें जर्मनीचा इतिहास बोधप्रद आहे. १९२३ च्या नोव्हेंबरांत तेथें एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटि मार्क पडूं लागले, आणि १ लाख कोटि कागदी मार्कांची किंमत एका नव्या ‘रेंटनमार्का’एवढी ठरली. जन्मभर पोटाला चिमटा घेऊन सांठविलेल्या पुंजींत पावाचा तुकडाहि येईना. पुढें पंचवीस वर्षांनीं, १९४८ च्या जूनमध्यें, देशाच्या पश्चिम भागांत ‘डॉइच मार्क’ आला, तेव्हां बँकेंतील दर १०० जुन्या मार्कांबद्दल ठेवीदाराच्या पदरीं अखेर अवघे साडेसहा पडले. एकाच पिढीची काटकसर अशी दोनदां मातीमोल झाली.

हा नवा मार्क मात्र पन्नासांहून अधिक वर्षें टिकला आणि लोकांचा त्यावर जीव जडला. १ जानेवारी २००२ रोजीं युरोच्या नोटा व नाणीं आलीं, १.९५५८३ मार्कांस एक युरो हा भाव आधींच ठरला होता. पण या खेपेस तेथील मध्यवर्ती बँकेनें सांगितलें कीं, जुने मार्क केव्हांहि आणा, बदलून देऊं. मुदत नाहीं, शुल्कहि नाहीं. फ्रान्सनें आपल्या फ्रँकच्या नोटांना १७ फेब्रुवारी २०१२ पर्यंतच अवधि दिला होता, हें येथें ध्यानांत घ्यावें.

आमच्या संग्रहीं दहा मार्कांची एक नोट आहे. तीवर गणितज्ञ गाउसचें चित्र असून शेजारीं त्याच्या नांवानें ओळखली जाणारी घंटेसारखी वक्ररेषा आहे. “हिचें आतां काय येईल?” असें मुलें विचारतात. “पांच युरो आणि वर थोडे सेंट,” असें आम्ही सांगतों, आणि नोट पुनः वहींत ठेवतों. २०२३ च्या अखेरीस १,२०० कोटींहून अधिक मार्क बँकेकडे परत आलेले नव्हते. त्यांतले कांहीं हरवले असतील, कांहीं कपाटांत पडून असतील. व्यवहारी माणूस याला आळस म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यांच्या आजा-आजींची पुंजी दोनदां बुडाली, त्यांना आपले पैसे असे निर्धास्तपणें विसरतां यावेत, हेंच त्या वचनाचें खरें मोल होय.