सोबत आलेल्यांचा दिवस

परिषदेला आलेल्या डॉक्टरांच्या, प्राध्यापकांच्या गळ्यात नावाचा बॅज असतो. त्यांच्याबरोबर आलेल्या माणसाच्या गळ्यातही असतो, पण त्यावर पुष्कळदा नाव नसते, ‘ॲकम्पनिंग पर्सन’ एवढेच छापलेले असते. छत्रपती संभाजीनगरात गाइड म्हणून माझे बरेचसे काम या दुसऱ्या बॅजवाल्यांसाठी असते. सकाळी हॉटेलच्या दारातून बस निघते, रात्रीच्या जेवणाआधी परत येते, आणि मधले सात-आठ तास ही माणसे माझ्या हवाली असतात. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. परिषदेला जोडलेली सहल ‘यांना दिवसभर कुठेतरी गुंतवून ठेवा’ या हिशेबाने आखली जाते, आणि म्हणूनच ती वाया जाते. यादीतली ठिकाणे निम्म्याहून कमी करावीत आणि वाचलेला वेळ एकाच ठिकाणी घालवावा, असे माझे म्हणणे आहे. कारण दोन सत्रांच्या मधून तासभर निसटून आलेल्या प्रतिनिधीकडे जे नसते ते या माणसांकडे असते. त्यांच्याकडे अख्खा दिवस असतो.

नेहमीचा कार्यक्रम असा. सकाळी देवगिरी, मग खुलताबाद, वेरूळची लेणी, घृष्णेश्वराचे दर्शन, परतताना बीबी का मकबरा, पाणचक्की आणि शेवटी पैठणीचे दुकान. कागदावर हे भरगच्च आणि उदार दिसते. आता घड्याळ लावून बघू. नऊची बस साडेनऊला निघते. वेरूळ शहरापासून जेमतेम 30 किलोमीटर, पण घाटाचा रस्ता, मधले थांबे आणि परतीची गर्दी धरली तर दोन-अडीच तास बसमध्येच जातात. चाळीस माणसांना एकदा उतरवून, मोजून, पुन्हा चढवायला वीस मिनिटे लागतात. हे सात वेळा करायचे. जेवणाला एक तास. संध्याकाळी पाचच्या आत परत यायचे, कारण सातला बँक्वेट आहे आणि त्याआधी सगळ्यांना तयार व्हायचे असते. उरलेला वेळ वाटून टाकला तर एका ठिकाणाच्या वाट्याला अर्धा ताससुद्धा येत नाही. ज्या डोंगरात 34 लेणी आहेत तिथे अर्धा तास! पहिली बारा बौद्ध, तेरापासून एकोणतीसपर्यंत हिंदू आणि शेवटची पाच जैन. हा क्रम सांगून होईतोच माणसे फोन काढून उभी राहतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. फोटो काढण्यापलीकडे काही करायला आम्ही त्यांना वेळच ठेवलेला नसतो.

कैलास लेण्याचेच घ्या. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात या कामाला मोठा जोर आला. हे देऊळ बांधलेले नाही, डोंगर वरून खाली कोरत आणून मोकळे केलेले आहे, हे सगळे वाचून आलेले असतात. मी अंगणात उभी राहून तेच सांगते तेव्हा माना हलतात, पण कळलेले नसते. अंगणातून सगळे वर बघत असतात, आणि खालून वर पाहिले की कोणतेही देऊळ रचल्यासारखेच दिसते. बाजूच्या टेकडीवर चढून खाली पाहिले की मंडपाचे छत पायांच्या खाली येते. त्यावर कोरलेले कमळ आणि चार सिंह दिसतात. कारागिरांनी सुरुवात इथून केली आणि पायथ्याचे हत्ती त्यांच्या हाती सर्वांत शेवटी लागले, हे तिथे उभे राहिले की कोणी सांगावे लागत नाही. या चढण्या-उतरण्यालाच अर्धा तास लागतो. म्हणजे नेहमीच्या कार्यक्रमात कैलास समजण्याची एकमेव जागा आधीच वगळलेली असते. त्यात वेरूळचा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी लेण्यांचे दर्शनी भाग सावलीत असतात, ऊन त्यांच्यावर दुपारनंतर येते. आमच्या बसगाड्या मात्र दुपारनंतर परतीला लागलेल्या असतात, कारण मकबरा आणि पाणचक्की राहिलेली असते. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतो आहे ते शिल्प आहे. वर पार्वती शंकराच्या अंगाशी कललेली, मागे एक दासी जीव घेऊन पळते आहे, खाली रावण आपल्या सगळ्या हातांनिशी जोर लावतो आहे, आणि शंकर स्वस्थ बसलेला आहे. पहिल्या नजरेत फक्त रावण दिसतो. पळणारी दासी सापडायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि ती सापडली की मग सगळा पर्वत हललेला जाणवतो. ती दोन-तीन मिनिटे कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नसतात.

अजिंठ्याला तर हा मुद्दा शब्दशः डोळ्यांनी सिद्ध होतो. चित्रांचे रंग प्रकाशाने खराब होतात, म्हणून आतला उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि फ्लॅश वापरायला मनाई असते. बाहेर वाघोरा नदीच्या वळणावर लखलखीत ऊन. त्या उन्हातून पहिल्या लेण्यात पाऊल टाकणाऱ्याला पहिली काही मिनिटे भिंतीवर तपकिरी डागांखेरीज काही दिसत नाही. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, आणि परिषदेला आलेल्या डॉक्टरांनाच विचारा, पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटेही लागतात. घाईच्या गटाला प्रत्येक लेण्यात पाच-सात मिनिटे मिळतात. पद्मपाणीचा झुकलेला चेहरा, त्याच्या हातातले निळे कमळ, मुकुटाच्या कडा हळूहळू वर यायला लागतात आणि तेवढ्यात ‘चला, पुढे चला’ अशी हाक येते. ही माणसे अजिंठ्याला गेली होती हे खरे, पण त्यांनी अजिंठा पाहिला असे मला म्हणवत नाही. गर्दीच्या दिवसांत आत किती जणांना किती वेळ थांबू द्यायचे यावरही मर्यादा येते. म्हणून मी म्हणते, तीसपैकी चारच लेणी निवडा, दोन लेण्यांच्या मध्ये सावलीत बसा, पुढे काय दिसणार आहे ते बाहेरच बोलून घ्या, म्हणजे आतली मिनिटे फक्त बघण्याला राहतील.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो पाहुण्यांकडूनच येतो. इतक्या लांबून आलो आहोत, परत कधी येणे होईल सांगता येत नाही, तर सगळे उरकून घेऊ. या भावनेचा मला आदर आहे. कोलकात्याहून किंवा कोचीहून आलेल्या माणसाला देवगिरी बसच्या खिडकीतून दाखवून पुढे नेणे मलाही जड जाते. पण अनुभव असा, की पाचव्या ठिकाणी पोचेपर्यंत पहिल्या ठिकाणाचे नावही आठवत नाही. मकबरा औरंगजेबाच्या बेगमेचा की त्याच्या आईचा, चांद मिनार देवगिरीला की खुलताबादला, अशी सरमिसळ परतीच्या बसमध्येच सुरू झालेली असते. देवगिरी वाईट आहे म्हणून मी तो गाळायला सांगत नाही. उलट त्याची अंधारी वाट, खंदक आणि वरपर्यंतच्या पायऱ्या यांना स्वतःचा दिवस लागतो, आणि अर्ध्यावरून परत आलेल्याला तो किल्ला अजिंक्य का मानला जाई हे कधी कळत नाही.

दुसरा आक्षेप आयोजकांचा. ही माणसे सुट्टीवर आहेत, त्यांना वर्ग भरवायचा नाही. हे मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. सुट्टीवरच्या माणसाला दमवणारी गोष्ट माहिती नसते, घाई असते. आणि ‘ही माणसे’ म्हणजे नेमकी कोण, हे आयोजकांनी एकदा बसमध्ये चढून बघायला हवे. ‘स्पाउस प्रोग्रॅम’ या नावामागे डॉक्टरांची पत्नी, तिची खरेदी आणि मेंदीचा कार्यक्रम असे एक जुने चित्र आहे. आज बसमध्ये निवृत्त न्यायाधीश असतात, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई असतात, आपली पत्नी शोधनिबंध वाचते आहे म्हणून चार दिवस रजा काढून आलेले नवरे असतात. आणि आणखी एक माणूस असतो, ज्याचा विचार कुठल्याच समितीने केलेला नसतो. तरुण डॉक्टर मुलगी पेपर वाचायला आली आहे, तिचे बाळ पाच-सहा महिन्यांचे आहे, आणि बाळ सांभाळायला तिची आई सोबत आली आहे. ही आजी पूर्ण दिवसाच्या सहलीला येऊच शकत नाही, कारण मधल्या सुट्टीत बाळ आईकडे पोचते करायचे असते. तिच्यासाठी शहरातल्या शहरात दोन तासांची फेरी ठेवली तर ती येते. पाणचक्कीशी हौदाच्या काठी बसायला सावली आहे, आणि दुरून मातीच्या नळांतून आणलेले पाणी पडून दळणाचे जाते कसे फिरत असे हे सांगितले की तिला त्यात मनापासून रस वाटतो. सोबत आलेला प्रत्येक माणूस सारखाच मोकळा असतो हे गृहीत धरणे, हीच नेहमीच्या आखणीतली मूळ चूक आहे.

खरेदीबद्दल मात्र मी आयोजकांच्या बाजूची आहे. खरेदीला नाके मुरडणारे गाइड मला पटत नाहीत. पैठणी ही या भागाने जगाला दिलेली गोष्ट आहे, आणि ती बघणे हे लेणे बघण्यापेक्षा हलके काम नाही. चूक ‘शेवटची वीस मिनिटे दुकान’ या आखणीत आहे. दुकानाकडून गाइडला आणि ड्रायव्हरला कमिशन मिळते ही उघड गोष्ट आहे, पाहुण्यांनाही ती ठाऊक असते, आणि त्यामुळे त्या वीस मिनिटांत मी जे काही सांगेन त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. त्याऐवजी माग बघायला तासभर द्या. विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला असतो. पदरावरच्या मोराच्या मानेचा एक निळा, पंखाचा दुसरा, चोचीचा लाल, असे प्रत्येक रंगाचे धागे वेगवेगळ्या छोट्या रिळांवर असतात, आणि तो ते बोटांनी एकेक करून ताण्यात गुंतवत जातो. एक रंग संपतो तिथे दुसरा त्याच्यात अडकवला जातो, म्हणून मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. हे एकदा नजरेने पाहिलेली बाई दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा पदर उलटा करून बघते, आणि मग तिला फसवणे अवघड असते. काही दुकानदारांना हे आवडत नाही. जे खरा माल ठेवतात त्यांना आवडते.

खर्चाचा आक्षेप उरतो, तो सर्वांत लवकर मिटण्यासारखा आहे. कमी ठिकाणे म्हणजे कमी तिकिटे आणि बसचे कमी फेरे. चाळीस जणांच्या एका गटाऐवजी वीस-वीसचे दोन केले तर एक गाइड जास्त लागतो, तेवढाच काय तो वाढीव पैसा. जास्त लागते ती पूर्वतयारी, आणि तिला पैसे पडत नाहीत. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. परिषदा बहुधा शुक्रवार ते रविवार असतात. त्यामुळे रविवारी वेरूळला पाय ठेवायला जागा नसते, आणि ‘परिषदेनंतरची सहल’ म्हणून सोमवारी अजिंठा छापलेली पत्रिका मी एकाहून अधिक वेळा हातात धरली आहे. शंभर किलोमीटरवरच्या बंद दारापाशी माणसे न्यायची आखणी छापखान्यातून बाहेर येते, याचा अर्थ ती कोणी वाचलेली नसते. ज्या समितीने आपल्या सत्रांचे मिनिटामिनिटाचे वेळापत्रक चार वेळा तपासलेले असते, त्याच समितीचे हे काम. अजिंठा शुक्रवारी ठेवा. प्रतिनिधी उद्घाटनात आणि पहिल्या भाषणांत असताना सोबतची माणसे सकाळी सातला निघू द्या. फर्दापूरला खासगी गाड्या थांबतात आणि तिथून महामंडळाच्या बसने लेण्यांपर्यंत जावे लागते, तो वेळ धरा. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी डोलीवाल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि परतायची वेळ पत्रिकेत खरी लिहा.

मग अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यासाठी वेळ उरतो. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने हे लेणे दान दिले. त्याच्या भिंतीवर एक तरुण स्त्री रंगवलेली आहे. तिचा नवरा नंद, बुद्धाचा धाकटा भाऊ, संघात गेला आहे, आणि त्याचा मुकुट तेवढा घरी परत आला आहे. मुकुट बघून ती कोसळते आहे. मान ढळलेली, डोळे अर्धे मिटलेले, बोटांतला जोर गेलेला. मागून एकीने तिला सावरून धरले आहे, एक जण पंखा धरून उभी आहे, दाराशी कोणी आत डोकावते आहे. चित्र बरेच झिजले आहे, त्यामुळे डोळे सरावल्याशिवाय यातले काहीच दिसत नाही. सरावले की आधी पंखा दिसतो, मग मान, मग आजूबाजूचे चेहरे. मी तिथे फारसे बोलत नाही. गटातले कोणीतरी हळूच विचारते, नंद कुठे आहे. मी सांगते, या प्रसंगात तो नाही. त्यावर पुन्हा सगळे भिंतीकडे वळतात, आणि पंखेवालीच्या चेहऱ्यावर काय आहे, ती कोणाकडे बघते आहे, यावर कुजबुजत बोलणे सुरू होते.