इस्तंबूलच्या चुलीपाशीं

प्रवासांत अन्नाचा प्रश्न कसा सोडवावा, याचा विचार आमच्या वाडवडिलांनीं पुष्कळ केला होता. पिठांत पाण्याऐवजीं दूध घालून केलेल्या दशम्या वाटेंत चालतात, हा तोडगा त्यांचाच. आणि काशीरामेश्वराच्या यात्रा त्या शिदोरीवर पार पडल्या. परंतु शिदोरी संपलेली, मुलूख परका, आणि पुढील विमानास तेरा तासांचा अवकाश, असा प्रसंग त्यांच्यावर कधीं आला नव्हता. तो आमच्यावर म्यूनिकहून मुंबईस परततांना इस्तंबूल येथें आला.

बरोबर आमच्या मावशी होत्या. वय ७४, मधुमेहाची गोळी दोन वेळां, आणि नियम असा कीं, ज्या भांड्यांत सामिष शिजतें त्यांतील कांहींहि घ्यावयाचें नाहीं. आदल्या संध्याकाळपासून त्या दूध व फळें यांवर होत्या. गोळी घ्यावी तर पोटांत अन्न हवें. न घ्यावी तर साखर चढणार. विमानतळावरील उपाहारगृहांत पडद्यामागें काय चालतें तें कोण सांगणार, असें त्यांचें म्हणणें पडलें. प्रवेशाचें परवानापत्र आम्हीं आधींच काढून ठेविलें होतें. तेव्हां शहर गांठण्याचें ठरलें.

२०१८ सालीं उघडलेला हा विमानतळ शहरापासून दूर आहे. तथापि २०२४ च्या जानेवारीपासून त्याची मेट्रो गायरेत्तेपेपर्यंत जाते. तेथें गाडी बदलली. ही दुसरी गाडी भुयारांतून बाहेर येऊन गोल्डन हॉर्न नांवाच्या खाडीवरील पुलावरून धांवते, आणि टेकडीवर सुलेमानिये मशिदीचे घुमट व चार मिनार दिसतात. सिनान नामक स्थपतीनें ती १५५७ सालीं पुरी केली.

वेझनेजिलर स्थानकाजवळच्या एका उतरत्या गल्लींत धुराचा वास आला. दुकान जेमतेम दोन खणांचें. मध्यें लांबट चूल, तिच्यावर तांब्याचें मोठें धुराडें, आणि चुलीच्या कडेलाच बसण्याची सोय. अशा खाणावळीस तुर्की लोक 'ओजाकबाशी' म्हणतात. ओजाक म्हणजे चूल. तिच्या उशाशीं बसून जेवावयाचें तें ओजाकबाशी. रुंद, चपट्या सळयांवर खिमा थापून तो निखाऱ्यांवर धरलेला होता. शेजारीं लांब हिरव्या मिरच्या व टोमॅटो भाजत होते. आम्ही मागें वळणार तोंच मावशी म्हणाल्या, "थांबा. येथें पडदा नाहीं. सारें दिसतें आहे."

आम्हीं मोबाइलवर मावशींचा नियम तुर्कींत लिहून मालकास दाखविला. त्यानें तो दोनदां वाचला, हंसला नाहीं. चुलीचा एक कोपरा झाडून त्यानें तेथें ताजे निखारे वेगळे ओढले, दोन अखंड वांगीं आणून तीं सळईस न लावतां थेट निखाऱ्यांत ठेविलीं, आणि एक ताटली आमच्या डोळ्यांदेखत धुतली. मावशी त्याच्या हाताकडे टक लावून पाहत होत्या. वांग्यांची साल करपून फुटूं लागली, तेव्हां त्या हळूच म्हणाल्या, "अरे, चूल त्याची असेल, पण अग्नीचें नांवच पावक."

सोललेल्या वांग्यावर लिंबू, मीठ व ऑलिव्हचें तेल. सोबत लवाश नांवाची पातळ रोटी आणि आयरान, म्हणजे आपलें खारें ताकच. "दाण्याचें कूट तेवढें राहिलें," एवढाच मावशींचा शेरा. त्यांनीं पोटभर जेवून गोळी घेतली, आणि आमच्या जिवांत जीव आला.

वांग्यास तुर्कींत 'पातलिजान' म्हणतात. संस्कृतांतील 'वातिंगण' फारशींत 'बादिंगान' झालें, अरबींत 'बाझिंजान' झालें, आणि तेथून हा शब्द इकडे पोंचला. उलट शेजारीं भाजणारी मिरची व टोमॅटो हीं मूळचीं अमेरिकेचीं. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तीं जुन्या जगांत आलीं. हें ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हणजे येथें वांगें आपल्याकडचें, आणि आपल्या भरतांतली मिरची पाहुणी!"

निघतांना त्यांनीं आपल्या डबींतील बडीशेप मालकापुढें धरली. त्यानें चिमूटभर घेऊन हात छातीस लाविला. भाषा दोघांनाहि नव्हती.

पुण्यास आल्यावर घरांत अर्थातच चर्चा झाली. काकूंच्या मतें एका धुराड्याखालचा धूर एकच. कोपरा झाडल्यानें तो वेगळा होत नाहीं. मावशींनीं एवढेंच विचारलें, "रिकाम्या पोटीं गोळी घेऊन मी तिकडे पडलें असतें, तर तुम्हीं बोल कोणास लाविला असता?" काकूंनीं उत्तर दिलें नाहीं, पण मतहि बदललें नाहीं. दोघींची बाजू वाचकांपुढें ठेविली आहे. निवाडा ज्यानें त्यानें आपल्या घरीं करावा. मात्र प्रवासास निघणाऱ्यांस एक सांगावेंसें वाटतें: पाटी पाहून आंत शिरूं नये, चूल पाहून शिरावें, आणि आपला नियम आरंभींच, नम्रपणें, कांहीं न लपवितां सांगावा.