सविस्तर चर्चेअंती

हात कापायला लागल्यापासून प्रोसिडिंग बुक मी स्वतः लिहीत नाही. सभेत बसून टिपणं काढतो आणि सहकारी संस्थेतली नवी क्लार्क ती वहीत उतरवते. पोरगी हुशार आहे. सूचक-अनुमोदक कसे लिहायचे, ऐनवेळचे विषय कुठं घ्यायचे, हे तिला सांगावं लागलं नाही. अडली ती एकाच जागी, आणि तिथं मीही आयुष्यभर अडत आलो आहे.

कर्जाचा विषय होता. तारण जमिनीच्या मूल्यांकनाचा कागद फिरत फिरत आण्णांकडं, एका वयस्क संचालकांकडं आला. त्यांनी तो दोनदा वाचला, खाली ठेवला आणि म्हणाले, "ह्ये काय मला पटंना. बाकी तुमी बगा." ठराव झाला. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काका, आण्णांचं काय लिहू?"

'विरोध' लिहिलं तर आण्णा कर्जदाराच्या आणि चेअरमनच्या विरुद्ध उभे राहिले असं होतं, आणि ते तर जागचे हललेही नव्हते. 'हरकत' हा तलाठी कार्यालयातला शब्द. फेरफाराची नोटीस निघाली की हरकत येते, मग सुनावणी लागते, निकाल होतो. आण्णांना सुनावणी नको होती. 'आक्षेप' म्हटलं की कुणाच्या तरी वागण्याकडं बोट जातं. 'तक्रार' निवारण मागते. 'नाराजी' हा तर वर्तमानपत्रांचा आवडता शब्द आणि मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण माणसानं दिलेलं कारण त्यात बुडतं आणि नुसता रुसवा वर राहतो. 'असहमती' बिनचूक आहे, पण आमच्या तालुक्यात ती कुणी तोंडानं उच्चारलेली मी ऐकलेली नाही.

एक गोष्ट मला फार वर्षं छळते. मतभेदाचे आपले चांगले, शांत शब्द आपण तो नाही हे सांगायलाच वापरतो. 'यात दुमत नाही' हे रोज कानावर पडतं, पण 'माझं दुमत आहे' असं म्हणत कुणी उभं राहत नाही. 'काही हरकत नाही' म्हणजे तर परवानगीच. निर्विवाद, वादातीत, 'प्रश्नच नाही', सगळी भरती त्याच बाजूला. मतभेद खरोखर उभा राहिला की हाताशी उरतात ते भांडणाचे शब्द: जुंपली, खडाजंगी, कलगीतुरा. यातल्या कलगीतुऱ्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. शक्ती श्रेष्ठ की शिव, यावर कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर रात्र रात्र सवालजवाब करायचे. समोरच्याचा सवाल नीट ऐकल्याशिवाय जवाब रचता येत नसे. आज दोन पुढाऱ्यांनी एकमेकांना टोमणे मारले की बातमीत कलगीतुरा रंगतो.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 साली सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे कितीतरी वाद गावातच मिटले, हे मी पाहिलं आहे. पण सभेत एखादा वेगळं बोलला की "आपलं गाव तंटामुक्त आहे" असं त्याला सुनावलेलंही मी ऐकलं आहे. मत आणि तंटा एकाच पोत्यात गेले.

'पटंना' मात्र विलक्षण आहे. पुस्तकी भाषेत पटेना. 'पटत नाही' म्हणणाऱ्याचं ठरलेलं असतं. 'पटंना' म्हणणारा सांगतो की मी पटवून घ्यायचा प्रयत्न केला, अजून करतोय, पण बसत नाही. झोप येईना, कुलूप निघेना, तसंच. याहून सभ्य मतभेद मला ठाऊक नाही. आणि याच क्रियापदात धोकाही आहे. 'त्यांना पटत नाही' म्हणजे मुद्दा पटत नाही. 'त्यांचं पटत नाही' म्हणजे दोन माणसांचं बिनसलं. चतुर्थीची षष्ठी झाली की मुद्दा गेला आणि माणसं उरली. मी पाहिलेल्या बहुतेक संस्था या एका विभक्तीवरून घसरल्या.

तिकडं पुण्यात टिळक आणि आगरकरांचं हेच झालं. शाळेत आपण शिकतो, आधी राजकीय की आधी सामाजिक सुधारणा. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सभासदांनी ठरल्या पगारावर राहावं की बाहेरची कमाई करावी, यावरही वाद पेटला होता. आगरकर 1887 साली 'केसरी'तून बाहेर पडले, टिळकांनी 1890 साली सोसायटीचा राजीनामा दिला. तो राजीनामा लांबलचक आहे. काय पटलं नाही, ते कारणांसह मांडलेलं आहे. माझ्या धंद्यातला माणूस त्याकडं आदरानं बघतो.

माझी ख्याती याच्या उलट. "तुमच्या प्रोसिडिंगात भांडण दिसत नाही," असं चेअरमन लोक म्हणत आणि दुसऱ्या संस्थेला माझं नाव सुचवत. ते कौतुक मला आवडायचं, अजूनही आवडतं. 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते' ही ओळ माझ्याइतक्या डौलात कुणी लिहीत नाही, असं मला वाटतं. हल्ली छापील नमुन्यात ती आधीच असते, नुसत्या तारखा भरायच्या. सभा होण्याआधी सभेचं इतिवृत्त तयार असतं, याचा मला संताप येतो. वहीतल्या शब्दावर माणसाचं घर अवलंबून असतं. सहकार कायद्याच्या कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी ठरवायची वेळ आली की आधी प्रोसिडिंग बुक उघडतात. तिथं सर्वानुमते असेल तर आण्णा कुठल्या तोंडानं सांगणार?

मी तिला सांगितलं, "लिही, मूल्यांकनाबाबत खात्री नसल्याने ठराव मान्य नाही." ती म्हणाली, "पण आण्णा खात्री म्हणालेच नाहीत." तिनं त्यांचे शब्द अवतरणचिन्हांत, 'पटंना'सकट लिहिले. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना चेअरमन म्हणाले, हे काढा, कसं दिसतं ते. आण्णा म्हणाले, "मी बोललोच की तसं. ऱ्हाऊ दे." कायम झालं.

मला अजून घोर आहे. चौकशी अधिकारी शहरातला असला तर 'पटंना' वाचून त्याला वाटेल, म्हातारा नुसता डळमळीत होता. म्हणून मी तिला सांगून ठेवलंय, यापुढं असं कुणी बोललं की कशावर बोट ठेवून बोलला तेही लिहायचं, गट नंबरासकट. तिला आता विचारायचंय, जे त्या दिवशी गप्प बसले ते 'सर्वानुमते'त धरायचे का.