काळी, पांढरी आणि मुरूम



'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द धड्यात आले, की मी मुलांना अर्थ सांगत असे. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. काळी कसायची, पांढरीवर राहायचं. जुन्या लोकांची ही साधी वाटणी!

आता आमच्या तळेगाव ढमढेऱ्याचं गावठाण अपुरं पडतंय. सणसवाडी, रांजणगावला कारखाने आले, माणसं वाढली आणि ज्वारीच्या रानांत प्लॉट पडले. म्हणजे आपण काळीत राहायला गेलो. पण काळीचा स्वभाव काही बदलला नाही.

ही माती बेसाल्टच्या खडकातून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात मिटतात. पिकाला हे चालतं, भिंतीला नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याने कर्ज काढून घर बांधलं. पायासाठी खणलेली काळी ढेकळंच ठेकेदाराने जोत्यात लोटली. वाहतूक वाचली, मुरुमाचे पैसे वाचले! पहिल्याच पावसाळ्यानंतर हॉलची फरशी कोपऱ्यात दोन बोटं खचली. ठेकेदार फोन उचलत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. त्याच्या आईने विचारलं, "गुरुजी, घर पडंल का हो?" घर पडणार नाही, पण तिची झोप गेली ती गेलीच.

म्हणून घर बांधणाऱ्या भाचे-पुतण्यांसाठी चार शब्द लिहितो. पाया काळी ओलांडून घट्ट मुरुमापर्यंत न्या. काळीचा थर फारच खोल असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका. जोत्यात मुरूमच भरा. त्यात ढेकळं, झाडाची मुळं, जुन्या बांधकामाचा कचरा नको. सगळा भराव एकदम ओतू नका. सहा ते आठ इंचांचा थर पसरा, पाणी मारा, धुम्मसने किंवा यंत्राने चोपा, मगच पुढचा थर. एकदम भरलेला मुरूम वरून कितीही चोपला, तरी खाली पोकळच राहतो.

पाणीही बेताचंच हवं. 1933 साली अमेरिकेतल्या प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरने हे मोजून दाखवलं. पाणी कमी पडलं तर कण एकमेकांत सरकून बसत नाहीत, जास्त झालं तर कणांची जागा पाणीच अडवतं. अचूक मोजमाप प्रयोगशाळेत होतं. घरच्या अंदाजाला मूठ आवळून पाहावी. गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये.

फरशीचा रंग निवडायला अख्खं कुटुंब दुकानात जातं. भराव पडतो त्या दिवशी मात्र साईटवर घरचं कुणीच नसतं. मंडळी, रंग पुढेही बदलता येईल. त्या दिवशी सुट्टी काढा आणि खुर्ची टाकून तिथे बसा!

असो. तुमच्याकडचे अनुभव जरूर कळवा.