चक सोडतो कसा?

सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक दुरुस्तीला आला की मालकाचं म्हणणं बहुतेक एकच असतं: "पकड कमी झालीय, ताकद वाढवून द्या." मी मात्र आधी चक जॉब, म्हणजे धरलेला तुकडा, सोडतो कसा ते बघतो.

राहायला कळंबला, काम वसई पूर्वेच्या गाळ्यांत. आमच्या किनाऱ्याची खारी हवा घरातल्या पंख्याच्या वाइंडिंगलाही सोडत नाही, म्हणून कॉइलला वार्निश पाजताना मी हात आखडत नाही.

ताकद म्हणजे अँपिअर गुणिले वेढे. विल्यम स्टर्जनच्या १८२५च्या विद्युतचुंबकात तार उघडी होती आणि वार्निश लोखंडावर. त्यामुळे वेढे मोजकेच. पुढं जोसेफ हेन्रीनं तारेवरच आवरण चढवून थरावर थर गुंडाळले, आणि जोर कितीतरी पटींनी वाढला. वेढे एकदा भरले की आपल्या हातात फक्त व्होल्टेज उरतं: आधी डिमरस्टॅटनं एसी कमी-जास्त करायचं, मग डायोडच्या ब्रिजनं त्याचं डीसी. तेही वाढवून वाढवणार किती? लोखंड चुंबकत्वानं भरलं की जास्तीचा प्रवाह नुसती कॉइल तापवतो. तांबं तापलं की दर अंशाला रोध सुमारे ०.४ टक्के वाढतो. सकाळी घट्ट धरणारा चक दुपारी ढिला पडतो तो यामुळंच.

पातळ पट्टीला तर पूर्ण ताकद देऊच नये. वाकडी पट्टी ओढली जाऊन सपाट बसते, सुरेख ग्राइंड होते, आणि सोडली की पुन्हा वाकडी.

ध्रुवांचं गणित वेगळं. शेजारचे ध्रुव एकमेकांच्या उलट हवेत. एका कॉइलची टोकं उलटी जोडली गेली की तिथली पकड मेलीच. मी लहानसं होकायंत्र चकवरून सरकवतो. दोन ध्रुवांमधली प्रत्येक पितळी पट्टी ओलांडताना सुई उलटलीच पाहिजे. सगळाच पुरवठा उलटा झाला, तर पकडीला फरक पडत नाही.

तो उलटा करायचा जॉब सोडवताना. स्विच बंद केला तरी चुंबकत्व मागं उरतं, कडक पोलादात जास्तच. मग उलटा प्रवाह, थोडा कमी. पुन्हा सुलटा, आणखी कमी. झोका मंदावत थांबावा तसं ते शून्यावर आणायचं. एकदाच पूर्ण जोरानं उलटं केलंत, तर जॉब उलट्या ध्रुवांनी तितकाच घट्ट बसतो.

कंट्रोलर स्वतः बनवणाऱ्यांना एकच विनंती: चालू प्रवाहात दिशा बदलणारा चेंजओव्हर स्विच फिरवू नका. कॉइल उसळून संपर्क जाळते, इन्सुलेशन फोडते. आधी एसी बाजू तोडा, उरलेला प्रवाह ब्रिजच्या डायोडमधून फिरून विझू द्या, मगच दिशा बदला.