हुमणीवरची हिरवी बुरशी

हुमणी ही भुंगेऱ्याची अळी. नगर-मनमाड रस्त्याने नागापूरची औद्योगिक वसाहत ओलांडून राहुरीकडे जाताना मुळा कालव्याचा ऊस लागतो. या पट्ट्यात तिची मुख्य जात होलोट्रिकिया सेराटा. वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की जमिनीतले भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर बसून पाला खातात, तिथेच मिलन होते आणि पहाटेपर्यंत ते पुन्हा मातीत शिरतात. मादी ओलसर मातीत अंडी घालते. अळी तीन अवस्थांतून जाते. पहिल्या अवस्थेत ती कुजलेला पाला, शेणखत यांवर भागवते. पुढे उसाच्या मुळांना लागते आणि तिसऱ्या अवस्थेत मुळांचा फडशा पाडते. ऊस पिवळा पडून वाळतो, बेट हाताने ओढले तरी निघून येते. वर्षाला एकच पिढी होते, पण तिचे बहुतेक आयुष्य मातीआड जाते. फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही ती यामुळेच.

मातीतल्या या किडीवर मातीतलाच शत्रू सोडायचा, हा विचार जुना आहे. १८७९ साली रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी गव्हावरच्या ॲनिसोप्लिया भुंगेऱ्यांवर हिरवी बुरशी पाहिली आणि ती किडीविरुद्ध वापरता येईल असे सुचवले. त्या भुंगेऱ्याचेच नाव मेटारायझियम ॲनिसोप्ली या बुरशीला चिकटले. कोकणातल्या नारळावरचा गेंड्या भुंगाही हिला बळी पडतो; त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढत असल्याने बुरशी तिथेच मिसळतात.

ही बुरशी पोटातून नव्हे, कातडीतून मारते. बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतो, ओल मिळाली की रुजतो, त्याचा अंकुर विकरांनी कातडी विरघळवत आणि दाब देत आत घुसतो. आत बुरशी रक्तात वाढते, विषारी द्रव्ये सोडते. लहान अळी साधारण आठवडा-दहा दिवसांत मरते. पूर्ण वाढलेली जास्त दिवस तग धरते आणि तोवर मुळे खातच राहते. मेलेली अळी ओळखणे हे या कामातले खरे कसब. बुरशीने मेलेली अळी कडक होते, सडत नाही. आधी सांध्यांवर पांढरे तंतू दिसतात, मग सगळ्या अंगावर गडद हिरवी भुकटी धरते. बोटाला लागते ती हीच, म्हणजे नवे बीजाणू. मऊ, काळपट आणि दुर्गंधी सुटलेली अळी बहुधा जिवाणूने किंवा दुसऱ्या कारणाने गेलेली असते. तिचे श्रेय बुरशीला देऊ नये.

वेळ चुकली की सगळे वाया जाते. बुरशी द्यायची ती भुंगेरे निघाल्यानंतर, जून-जुलैत, अळ्या लहान असताना. हेक्टरी २० किलो भुकटी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत, मुळांजवळ टाकतात आणि लगेच मातीआड करतात. शेणखताचा फायदा दुहेरी आहे: बुरशीला ओल आणि आधार मिळतो, शिवाय पहिल्या अवस्थेतली अळी सेंद्रिय पदार्थ खायला तिथेच येते. कच्चे शेण मात्र टाकू नये. ते भुंगेऱ्याला अंडी घालायलाच बोलावते. उन्हाने बीजाणू मरतात, म्हणून काम संध्याकाळी करावे. कोरड्या जमिनीत बुरशी नुसती पडून राहते. पाऊस लांबला तर आधी हलके पाणी द्यावे. पाचट आच्छादलेल्या खोडव्यात ओल टिकते, तिथे ही बुरशी अधिक बरी चालते. त्याच सुमारास रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी करणे म्हणजे स्वतःच पेरलेले स्वतःच मारणे.

पुडी घेताना दर ग्रॅमला १० कोटी बीजाणूंचा दाखला आणि उत्पादनाची तारीख बघावी. पण छापील आकड्यापेक्षा साधी परीक्षा जास्त बोलते. ओलसर मातीच्या काही डब्यांत प्रत्येकी एकच अळी ठेवावी, कारण एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींना चावतात. निम्म्या डब्यांत बुरशी मिसळावी, निम्मे तसेच ठेवावेत, आणि सगळे सावलीत ठेवून दोन-तीन आठवडे वाट पाहावी. बुरशीच्या डब्यांत हिरवट अळ्या दिसल्या तर माल जिवंत आहे. पुड्या टिनाच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापल्या असतील तर आतले बीजाणू बहुतांशी मेलेलेच निघतात, आणि दोष मात्र बुरशीला लागतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरात अळ्या मोठ्या झाल्यावर बुरशीवर भिस्त ठेवू नये. तेव्हा अळ्या वेचणे, आणि पीक निघाल्यावर खोल नांगरट करून त्या बगळ्या-कावळ्यांपुढे उघड्या करणे, एवढेच हातात उरते. त्याआधी, वळवाच्या पावसानंतर, रात्री कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकावे लागतात. हे एका शेताने भागत नाही. शेजारच्या बांधावरच्या बाभळीवरून मादी आपल्याच सरीत उतरते, म्हणून भुंगेरे वेचण्याचा दिवस सगळ्या शिवाराने एकच धरावा. बुरशी मात्र ज्याने टाकली त्याच्या मातीत मेलेल्या अळ्यांवर वाढत राहते, आणि ओल व सेंद्रिय खत टिकवले तर पुढच्या हंगामालाही तिचा काही अंश कामी येतो.