दांतांचा दावा

दांतांविषयीं मराठी भाषा जितकी बोलकी आहे, तितका मराठी माणूस नाहीं. रागावलों कीं आपण दांतओठ खातों, विनवण्या करतांना दांतांच्या कण्या करतों, भय वाटलें कीं आपली दांतखीळ बसते, आणि शरण जावयाचें झाल्यास दांतीं तृण धरतों. दैवाची थट्टासुद्धां आपण चणे आणि दांत यांच्याच हिशेबांत मांडली आहे. एवढी शब्दसंपत्ति ज्या अवयवाला लाभली, त्याच्या दुखण्याबद्दल मात्र घरांत फारसें कोणी बोलत नाहीं. ताप आला तर सारें घर उशाशीं बसतें. दाढ ठणकूं लागली तर “लवंग धर” एवढ्यावर विषय संपतो. पोटाला आणि हृदयाला विकार जडतात. दांत नुसते किडतात आणि पडतात. जणूं पिकलें पान गळावें, तसा तो निसर्गक्रमच!

या उदासीनतेच्या मुळाशीं एक जुना घोटाळा आहे असें मला वाटतें. गंमत अशी कीं, त्याचा निवाडा करण्याची वेळ एकदां आमच्या ठाण्याच्या न्यायालयावर आली होती. केशव विष्णु पेंढरकर यांनीं 1952 सालीं मुंबईंत विको हा औषधांचा उद्योग सुरू केला. पुढें त्याचा कारखाना डोंबिवलीस निघाला. पेंढरकरांच्या नांवाचें महाविद्यालयही त्याच गांवीं आहे. वज्रदंती हें मूळचें पिवळ्या कोरांटीचें नांव. तें धारण करणारें या कारखान्याचें दंतमंजन घरोघर पोंचलें. 1978च्या सुमारास अबकारी खात्यानें हरकत घेतली कीं, हें औषध नव्हे, प्रसाधन आहे. सबब कर प्रसाधनाच्या दरानें भरावा. कंपनीनें ठाण्याच्या दिवाणी न्यायालयांत दावा लावला. “हें औषधच” असा निकाल तिला मिळाला; पण भांडण मिटलें नाहीं. तें उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि पाव शतकाहून अधिक काळानंतर कंपनीच्या बाजूनें संपलें.

कराचा प्रश्न असा सुटला. परंतु तोच दावा आपल्या घराघरांत अद्याप पडून आहे. दांत घासणें हें औषध कीं प्रसाधन? प्रसाधन मानणारा चारचौघांत जावयाच्या आधीं, म्हणजे सकाळीं, दांत घासतो. औषध मानणारा दुखूं लागेपर्यंत थांबतो. आणि रात्रीं दोघेही तोंड न धुतां सुखानें झोपीं जातात.

दांतांचा शत्रु तर रात्रींच अधिक बळावतो. तोंडांतले जंतु उरल्यासुरल्या साखरेचें आणि पिठूळ अन्नाचें आम्ल बनवतात, आणि त्या आम्लांत दांतांवरचें कवच हळूहळू विरघळूं लागतें. दिवसा लाळ तें आम्ल धुऊन काढते, गेलेलीं खनिजेंही थोडींबहुत परत बसवते. पण झोपेंत लाळ आटते. हें कवच, म्हणजे दंतवल्क, आपल्या शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ आहे. तरीही मोडलेलें हाड सांधतें, फाटलेली कातडी भरून येते. दंतवल्काला एकदां खड्डा पडला कीं तें पुन्हां उगवत नाहीं.

हें ज्ञान साहेबाबरोबर आलें असें म्हणण्याची सोय नाहीं. चरकानें दंतधावन दिवसांतून दोनदां सांगितलें आहे, आणि तेंही हिरड्यांना इजा न करतां. सुश्रुतानें तर कडू काड्यांत कडुनिंब श्रेष्ठ, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज, अशी रुचीप्रमाणें निवड करून ठेवली आहे. आपण काडीचा अभिमान तेवढा सांभाळला. दुसरी वेळ मात्र विसरलों.

या विसरण्याची किंमत बहुधा घरांतल्या स्त्रियांनीं भरली. कल्याणास पारनाक्याजवळ माझी एक काकू राहत असे. तिच्या दाढा एकामागून एक गेल्या. प्रत्येक वेळीं “ह्यांचा चष्मा होऊं दे, मग बघूं”, “मुलांची फी भरूं दे, मग बघूं”, असें ती म्हणे, आणि तंबाखू तव्यावर काळी भाजून केलेली मशेरी हिरडीला लावून कळ दडपी. पन्नाशीच्या आंतच तिच्या तोंडांत चावण्याजोगें कांहीं राहिलें नाहीं. ती सर्वांच्या मागून जेवी, म्हणून ती भात कालवून नुसता गिळते हें कोणाच्या ध्यानांत येत नसे. दिवाळींत मात्र तिच्यासारखी कडबोळीं साऱ्या आळींत कोणाचीं होत नसत. घाण्यांतलें पहिलें कडबोळें ती कानाशीं नेऊन मोडी, आणि त्याच्या आवाजावरून तें खुसखुशीत झालें कीं नाहीं तें ठरवी. आम्हां मुलांना ती जादू वाटे.

मशेरीनें दुखणें बरें होत नाहीं. व्यसन जडतें, आणि तंबाखूबरोबर तोंडाच्या कर्करोगाचें भय येतें. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारनें 1992 सालीं बंदी केली. पण घरच्या तव्यावर कोणता कायदा चालणार?

वास्तविक दांतांची निगा ही स्वस्तांतली गोष्ट आहे. मऊ केसांचा ब्रश, फ्लुओराइड असलेली पेस्ट, सकाळीं आणि निजतांना दोन-दोन मिनिटें, आणि फटींतून फिरवावयास दोरा. पेस्ट तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून मोठ्याला वाटाण्याएवढी पुरे. राखुंडीनें आणि विटेच्या पुडीनें दांत शुभ्र दिसले तरी झिजतात. हिरडींतून रक्त येणें ही पहिली सूचना समजावी. मधुमेह्यानें तर ती मुळींच टाळूं नये, कारण हिरड्यांचा रोग आणि मधुमेह एकमेकांना पोसतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दांतांमागें एक दाढ कोणताही दांत न पाडतां गुपचूप येते. तिला दुधाची समजून आईबाप सोडून देतात. वस्तुतः ती जन्माची असते. लहानशी कीड असतांना दंतवैद्य एका बैठकींत भरून देतो. तीच मुळापर्यंत गेली कीं रूट कॅनल आणि टोपी यांचा खर्च येतो. त्यालाही उशीर झाला कीं दांत काढणें आणि कवळी. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाहीं त्यांच्यासाठीं मुंबई महापालिकेचें नायर दंत महाविद्यालय 1933 पासून आहे, आणि बोरीबंदराजवळ सरकारी दंत महाविद्यालयही आहे. आमच्या ठाणे-कल्याणकडचीं माणसें तर रोज लोकलनें त्यांच्या जवळूनच जातात.

मग दावा कसा तोडावा? माझ्या मतें दांतांची निगा हें नुसतें औषध नव्हे आणि नुसतें प्रसाधनही नव्हे. तें नित्यकर्म आहे. दुखो वा न दुखो, कोणी पाहो वा न पाहो, तें व्हावयाचें. हंसणें सुंदर दिसावें म्हणून जाहिराती आज पुष्कळ सांगतात. त्याला माझी हरकत नाहीं. पण पदर तोंडावर न घेतां हंसतां यावें, आणि स्वतः तळलेलें कडबोळें स्वतः चावतां यावें, ही मागणी अधिक जुनी आणि अधिक न्याय्य आहे.

प्रत्येक घरांत रात्रीं कोणीतरी शेवटची फेरी मारतें. दुधाला विरजण लागलें कीं नाहीं, गॅस बंद आहे कीं नाहीं, दाराची कडी लागली कीं नाहीं, हें पाहणारें तें माणूस बहुधा सर्वांत शेवटीं जेवलेलें असतें. त्याला दोन मिनिटें मोकळीं मिळावींत, म्हणून ती फेरी अधूनमधून दुसऱ्या कोणीतरी मारावी.